लोखंडाला दुखत न्हाई

आमचे साडू स्वस्थ बसलेले कुणी पाहिले असतील, तर त्याने ते मला येऊन सांगावं. मी त्या माणसाला स्वतःच्या हाताने जेवायला वाढीन. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान बीडमध्ये तीस वर्षं दातांचे डॉक्टर होते. हा धंदा त्यांनी दातांच्या प्रेमापोटी निवडला नव्हता, अशी माझी पक्की खात्री आहे. समोरच्याला आडवं करायचं आणि आपण दिवसभर उभं राहायचं, एवढी मुभा दुसऱ्या कुठल्या धंद्यात मिळणार? चहा ते चालता चालता पीत आणि जिथे विसरत तिथे कप ठेवून पुढे जात. मग तिन्हीसांजेला माझी मेव्हणी, म्हणजे आमच्या अक्का, मीटरच्या पेटीवरून, कंपाउंडच्या भिंतीवरून, एकदा तर शेजाऱ्यांच्या स्कूटरच्या सीटवरून अर्धेमुर्धे कप गोळा करत फिरायच्या. लग्नाच्या पंगतीत वरणाची वाटी पुढे येईपर्यंत साडू उठलेले असत आणि वरणाची बादली त्यांच्याच हातात असे. लग्न कुणाचं, हा प्रश्न त्यांच्या लेखी गौण. एसटीत जागा रिकामी असली तरी ते ड्रायव्हरच्या पाठीशी उभे राहून "तिसरा टाका, तिसरा" म्हणत. केजच्या रस्त्यावर एका ड्रायव्हरने गाडी बाजूला घेऊन त्यांना हात जोडले आणि म्हणाला, "डॉक्टर, तुमीच चालवा. मी मागं जाऊन झोपतो." ते खरोखरच पुढे सरसावले होते. कंडक्टरने मध्ये पडून सगळ्यांचा जीव वाचवला.

माझ्या साखरपुड्याला वडीलधारी मंडळी याद्या करत बसली होती तेव्हा साडूंना सासऱ्यांच्या भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं मागे पडतंय असं वाटलं. मुहूर्ताच्या वेळी त्या घड्याळाचे चाळीस तुकडे वर्तमानपत्रावर मांडलेले होते, आणि सगळ्यांचं लक्ष त्यांतच अडकल्याने मुहूर्त अंदाजानेच साधला गेला. संसारात काही बिनसलं की माझी बायको आजही त्या घड्याळाला दोष देते.

असा हा माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षी एका गाडीच्या नादी लागला. नांदूरघाटचा एक मुकादम त्यांचा जुना पेशंट होता. दरवर्षी दसरा झाला की ऊसतोडीची टोळी घेऊन कारखान्याला जायचा आणि जाण्याआधी एक तरी दाढ दाखवायला साडूंकडे यायचा. त्याच्या गोठ्यात कडब्याखाली एक विलायती गाडी पडून होती: दोनच माणसांची, बिनटपाची, लांब नाकाची. फार पूर्वी धरणाच्या कामावरच्या कुणा साहेबाची ती म्हणे, आणि पुढे हातोहात फिरत नांदूरघाटला येऊन निजली होती. तीत कोंबड्या अंडी घालत. ती गाडी मुकादमाने एके दिवशी आपणहून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून साडूंच्या दारात आणून सोडली. का, ते तेव्हा आम्हाला कळलं नाही. अक्का दारात उभ्या राहून म्हणाल्या, "अहो, ह्येला खाऊ काय घालायचं?" त्यांना वाटलं, कडब्याखाली एखादं जनावरच आहे.

साडूंनी तिच्याभोवती तीन चकरा मारल्या आणि निदान सांगितलं. "सर, वरचं सगळं सोंग हाय. खरी गाडी खाली हाय, चेसिस. कीड तिथं लागलीय. बॉडी उचलून बाजूला काढल्याबिगर तोंडात बघता यायचं न्हाई." मी शाळेत भूगोल शिकवतो. मी मान हलवली.

महिनाभर ते बोल्ट सोडवत होते. गंजून बसलेला प्रत्येक बोल्ट त्यांच्या भाषेत अक्कलदाढ होता. निघालेला बोल्ट ते कवळ्यांच्या डब्यात ठेवत आणि डब्यावर लिहीत, 'वर डावी सहा', 'खाली उजवी तीन'. इंजिनाच्या पोटात ते दात बघायचा छोटा आरसा घालून बघत, कार्बोरेटरची भोकं कीड उकरायच्या आकड्याने साफ करत, गंज घासायला दात घासायचं मशिन लावत. आणि डॅशबोर्डची एक घुंडी हरवली होती, तर दुसरीचा कवळीसारखा साचा घेऊन त्यांनी नवी ओतली. ती हुबेहूब निघाली, फक्त रंगाने हिरडीसारखी गुलाबी.

टोळी कारखान्याला निघायच्या आदल्या दिवशी मुकादम बारा माणसं घेऊन आला. बायका आणि पुरुष दोन्ही बाजूंनी लागले, मुकादमाने "हांऽऽ उचला" म्हटलं आणि बॉडी चेसिसवरून अलगद उठली. ती ठेवायची कुठे याचा विचार साडूंनी केलेलाच नव्हता. बारा माणसं बॉडी धरून अंगणात उभी, आणि हे "इकडं, न्हाई तिकडं" करत पुढे धावतायत. शेवटी ती दवाखान्याच्या व्हरांड्यात पेशंटांच्या दोन बाकड्यांवर विसावली. दुसऱ्या दिवशी पेशंटांना बसायला बाकडी उरली नाहीत, म्हणून ते बॉडीतच सतरंजी टाकून बसू लागले. लिंबागणेशची एक म्हातारी गाल धरून अर्धा तास तीत बसली आणि मग तिने आत हाक मारली, "आरं बाबा, ही गाडी कवा सुटायची?"

साडू आतून ओरडले, "मावशे, ती नुसती बॉडी हाय. गाडी पोर्चमधी हाय."

"मंग मी बसलेय कशात?" म्हातारी म्हणाली.

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं. पण पुढच्या दोन-तीन महिन्यांत काहीतरी बिघडलं. साडू आलेल्या पेशंटांना दुसऱ्या डॉक्टरांचा पत्ता देऊ लागले. दवाखाना सकाळचा उघडायचा, तो दुपारी उघडायला लागला, आणि मग एक दिवसाआड. सगळा वेळ पोर्चमध्ये. त्यांची चुळबुळ तर इतकी वाढली की समोर उभं राहून दोन वाक्यं बोलणं अवघड झालं. पहिलं वाक्य मी पोर्चमध्ये सुरू करायचो आणि पूर्णविराम गच्चीवर यायचा. अक्कांनी एक दिवस मला फोन केला. "दाजी, तुमीच बोला. लोकं म्हणायला लागलीत, डॉक्टरचं डोकं गाडीत गेलं. मला तर कायच सांगत न्हाईत. ताटावरून उठतात, बोलता बोलता उठतात."

मी रविवारी दुपारी गेलो. अक्का मागे कुरडयांचा चीक ढवळत होत्या. साडू दवाखान्यात, पेशंटच्या खुर्चीवरचा दिवा लावून, त्याच्या उजेडात कार्बोरेटर घेऊन उभे होते. चिमट्यात गव्हाएवढा एक पितळी तुकडा होता. तो भोकाशी नेला आणि पडला. उचलला, पुन्हा नेला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा तो माझ्या चपलेशी घरंगळत आला तेव्हा त्यांनी मला पाहिलं.

"सर, दार लावा," ते म्हणाले.

मी दार लोटलं. त्यांनी उजवा हात माझ्यासमोर धरला. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर सारखे फिरत होते, अदृश्य विडी वळत असल्यासारखे.

"दोन वर्षं झाली. संभाजीनगरला दाखवून आलतो. नसांचं हाय म्हणाले. गोळ्यांनी धरून राहतं, जात न्हाई." ते भिंतीकडे बघत बोलत होते. "आदी कमी होतं. हातात कायतरी धरून हिंडत राहिलं की कुणाला दिसायचं न्हाई. मुकादमाला दिसलं. त्येची दाढ काढायची होती, तर सुई हिरडी सोडून ओठाला लागली. रक्त आलं. दुसरा कुणी असता तर माझा गळा धरला असता. तो उठला, चूळ भरली, माझ्या हाताकडं बघितलं. म्हणाला, 'डॉक्टरसाब, गोठ्यात एक गाडी हाय, ती घ्या. लोखंडाला दुखत न्हाई.'"

शिक्षकाला सुचतं तेच मी विचारलं, "अक्कांना माहीत आहे?"

"कशाला सांगू? तिनं काय करायचं?"

दार नुसतं लोटलेलं होतं आणि अक्का त्याच्यापलीकडे चिकाचं उलथणं हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांनी किती ऐकलं होतं कोण जाणे. सगळंच ऐकलं असावं. आत आल्या. मला वाटलं आता रडतील. त्या संतापल्या होत्या.

"दोन वर्षं!" त्या म्हणाल्या. "दोन वर्षं मी इचार करतेय, माझं काय चुकलं. शेजारी बसत न्हाई, हातातलं पाणी घेत न्हाई, नजरंला नजर देत न्हाई. मला वाटलं, ह्या माणसाला मी नकोशी झाले. माझ्यापासून पळताय, असं वाटलं मला. आन् तुमी हात लपवत होता व्हय?"

साडू इतक्या वर्षांत पहिल्यांदा जागच्या जागी उभे होते. त्यांना कुठे जावं ते कळत नव्हतं. "तुला कशाला काळजी..." एवढं म्हणून ते थांबले.

अक्कांनी उलथणं माझ्या हातात दिलं, वाकून माझ्या चपलेजवळचा तो पितळी तुकडा उचलला, पदराला पुसला. "कुठं बसवायचा ह्यो?"

"राहू दे. तुला न्हाई कळायचं."

"बोट दाखवा."

"बोट हलतंय."

"हलू द्या. साधारण कळतंय मला."

आणि बसवला की अक्कांनी! पहिल्याच झटक्यात. चाळीस वर्षं शेवया वळलेली बोटं ती. साडू दिव्याखाली वाकून बघत राहिले आणि जरा वेळाने म्हणाले, "अर्धा आटा अजून." अक्कांनी अर्धा आटा फिरवला. मागे चीक करपल्याचा वास येत होता, पण ते सांगायचं धाडस मला झालं नाही.

त्या दिवसापासून दोघं मिळून गाडी जोडू लागले. म्हणजे भांडू लागले. डब्यांवरचं 'वर डावी सहा' खोडून अक्कांनी तिथे 'पुढच्या चाकाजवळचे' असं लिहिलं, तेव्हा साडू तडक माझ्याकडे आले. "असं अशास्त्रीय काम मी आयुष्यात केलेलं न्हाई," ते मला म्हणाले. "पर सर, तिच्या हातात लई सफाई हाय. ही बाई डॉक्टर पाहिजे होती." दवाखान्याची पाटी त्यांनी होळीच्या आधी उतरवायचं ठरवलं. स्टुलावर चढले, स्क्रू सुटेना, खाली उतरले. मग अक्का चढल्या. पाटी हातात आल्यावर त्यांनी ती ओल्या फडक्याने स्वच्छ पुसली आणि कपाटावर उभी करून ठेवली. साडू तेवढ्यात पाण्याची मोटर चालू आहे का ते बघायला गेले, ते बराच वेळ आले नाहीत.

पाडवा उलटल्यावर टोळी परत आली. मुकादम बारा माणसं घेऊन दारात हजर. उन्हाने रापलेली, हातांना उसाच्या पातीचे चरे पडलेली ती माणसं घरी सामान टाकून आधी इकडे आली होती. व्हरांड्यातून बॉडी उचलून पोर्चमधल्या चेसिसवर आणली तर दोन बोटांच्या फरकाने बसेना. साडू भोवती पळत होते. मुकादम जागेवरून, गावांच्या नावांनी दिशा सांगत, हुकूम सोडत होता, "वाईच पालीकडं घ्या... आता नांदूरघाटाकडं... आरं, नांदूरघाट मागं ऱ्हायलं, हिकडं!" अक्का गाडीखाली आडव्या झाल्या होत्या आणि तिथून त्यांचा आवाज आला, "आलं भोक! सोडा!" बॉडी बसली. बारा माणसांनी हात झटकले. मुकादमाने साडूंच्या खांद्यावर हात ठेवला आणि फक्त "झालं डॉक्टरसाब" एवढंच म्हणाला. ओठाचा विषय त्या माणसाने कधीच काढला नाही.

पहिली फेरी पालीच्या धरणापर्यंत ठरली. गाडी दोघांची, त्यामुळे मी मागे मोटारसायकलवर. साडूंनी चाक दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं आणि गाडी इतकी सावकाश चालली होती की एका बैलगाडीवाल्याने आम्हाला नीट निरखून घेतलं. धरणात अडवलेल्या बिंदुसरेच्या पाण्यापाशी आल्यावर दोघं खाली उतरले. इंजिन चालूच होतं. जुनं इंजिन ते. सगळी गाडी दिव्यापासून मागच्या नंबरपाटीपर्यंत थडथड हलत होती. बॉनेट तापलेलं होतं, म्हणून साडूंनी दाराच्या कडेवर हात ठेवला आणि मला म्हणाले, "सर, इथं हात ठेवा."

मी ठेवला. अक्कांनी पलीकडून वाकून ठेवला. तीन हात एका ओळीत, तिन्ही थरथरत होते. माझा तर मनगटापर्यंत.

"बघा," साडू म्हणाले. "कोणता कुणाचा, वळखू येतंय का?"

खरंच येत नव्हतं. आम्ही तिघंही हसलो. पाण्यावरून वारा येत होता, पलीकडच्या काठाला कुणीतरी म्हशी पाण्यात घालत होतं. मग अक्कांनी आत हात घालून किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं. माझा हात थांबला, अक्कांचा थांबला. साडूंचा चालू राहिला.

अक्का म्हणाल्या, "ऊन उतरलं. निघायला पाहिजे." पण दारावरचा हात आमच्यातल्या कुणीच काढला नाही.