भाषण माझं, हार त्याला

त्याच्या भाषणात टाळ्या कुठे पडायच्या, ते मी ठरवायचो. तीन निवडणुका ठरवल्या. त्याला हे कधी कळलंच नाही आणि मला त्याचाच जास्त राग.

आमचा विधानसभा मतदारसंघ आदिवासींसाठी राखीव. माझ्या बापाच्या उमेदीच्या काळापासून राखीव आहे. मधे हद्दी बदलल्या, काही गावं शेजाऱ्यांकडे गेली, काही आमच्यात आली. पण आमदारकी फिरली ती ठरावीक घरांतच. कधी घर तेच आणि पक्ष नवा, कधी पक्ष तोच आणि बापाच्या जागी मुलगा. कोलाम जमातीचं घर त्यात मी कधी पाहिलं नाही.

मी कोलाम. पांढरकवड्यात माझं शिलाईचं दुकान आहे. तो गोंड, पाटलाच्या घरचा. आश्रमशाळेत माझ्या शेजारच्या सतरंजीवर झोपायचा. गणितात माझ्यापेक्षा कच्चा, पळण्यात कच्चा, आणि उमेदवार तो. आमच्या पोडांवर, म्हणजे कोलामांच्या वस्त्यांवर, म्हातारी माणसं कोलामीच बोलतात. बाजारापुरते मराठीचे चार शब्द त्यांना येतात, अशी माझी समजूत होती. त्याला तर कोलामीचा गंध नव्हता. म्हणून पहिल्या निवडणुकीत तो दुकानात आला, मशीनजवळ उभा राहिला आणि म्हणाला, चार दिवस सोबत चल, मी बोलतो ते यांना समजावून सांग. मी गेलो. तेव्हा मैत्री होती.

त्या वेळी मी इमानाने शब्दाला शब्द दिला, आणि तो पडला. दुसऱ्या वेळी माझी जीभ सैल झाली. तो म्हणायचा, पाण्याची सोय करू. मी कोलामीत सांगायचो की चैत्रात नाल्याची वाळू उकरून वाटीवाटीने पाण्याचे गुंड भरणाऱ्या बायांच्या कंबरा काय म्हणतात, ते या माणसाला ठाऊक आहे. बाया माना डोलवायच्या, म्हातारे हसायचे, मग टाळ्या. त्याला वाटायचं, एवढ्याशा वाक्याला कोलामीत फार जागा लागत असावी. तो निवडून आला. गुलाल त्याच्या अंगावर पडला आणि मी दुकानात बसून त्याच्याच कार्यकर्त्यांच्या पँटी आखूड करत होतो. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला त्याच्या चपलांचाही हेवा वाटला.

तिसऱ्या वेळी तो पुन्हा पडला. मला मनातून बरं वाटलं, पण दोनच दिवस. पडल्यावरही लोक त्याला साहेबच म्हणत होते.

चौथ्या निवडणुकीआधी मी मन घट्ट केलं आणि त्याच्या घरी गेलो. म्हटलं, यंदा तिकीट माझ्यासाठी माग. तो हसला नाही, तेवढं खरं. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तू उभा राह्यला तर माह्यं म्हननं लोकाईले कोन सांगन रे?" मग आत गेला आणि माझ्यासाठी आणलेला नवा शर्ट घेऊन आला. शिंप्याला रेडिमेड शर्ट, आणि तोही मापाने मोठा. अंगाचा तिळपापड झाला, तरी मी तो घेतला.

त्या प्रचारातली शेवटची सभा माझ्या मावशीच्या पोडावर होती. तिच्या हातचं खाऊन मी वाढलो. मोहाच्या झाडाखाली लोक बसले होते, पुढे पोडाचा प्रमुख, ज्याला आम्ही नाईक म्हणतो. आमचा उमेदवार म्हणाला, रस्ता करून देईन. मी कोलामीत सांगितलं, हा म्हणतो, मागे रस्ता विसरलो, यंदाही विसरेन. तो म्हणाला, जमिनीचे पट्टे मिळवून देईन. मी सांगितलं, हा म्हणतो, तुमच्या पोडाचं नावही मला माहीत नाही, मत मागायची आमच्या घराला सवय आहे म्हणून आलो. माझा आवाज जरासुद्धा कापला नाही. शेवटी टाळ्या पडल्या, नेहमीपेक्षा कमी, आणि नाईकाने हार त्याच्याच गळ्यात घातला. परतताना गाडीत त्याने माझ्या पाठीवर थाप मारली, आज फार छान बोललास म्हणाला. मला इतका आनंद झाला की आता सांगायला लाज वाटते.

निकाल लागला, तो निवडून आला. ते एक वेळ मी गिळलं असतं. पण केंद्रवार मतं समजली, तेव्हा मावशीच्या पोडावरची जवळजवळ सगळी मतं त्यालाच गेलेली.

दुसऱ्या दिवशी तडक तिच्याकडे गेलो. ती अंगणात बांबूची टोपली विणत होती. मी कोलामीत विचारलं, मी एवढं सांगूनही तुम्ही त्यालाच मतं कशी दिली?

तिने वर पाहिलं नाही. आयुष्यात ती माझ्याशी कोलामीशिवाय बोलली नव्हती. त्या दिवशी वऱ्हाडीत बोलली, कुठेही न अडखळता.

"तो काय म्हनते ते आमाले समजते. पयल्या खेपेपासून समजते."

मग इतकी वर्षं माझं कशाला ऐकून घेतलं, मी विचारलं.

"आपला मानूस माईकवर उभा राहून बोलते, ते पाह्याले येत होतो. यंदा नाईकानं ठरवलं होतं, सभा झाली का त्याले सांगाचं, पुढच्या खेपी आमचा हा पोरगा उभा कर, नाई तर पोडावर येऊ नको. बाजूच्या पोडाईनं बी हो म्हटलं होतं. मंग तू बोलला. त्याले समजत नाई म्हनून त्याच्या तोंडावर खोटं बोलला. नाईकानं हार घातला आन् गप बसला."

मी कोलामीत म्हणालो, चुकलं माझं. ती विणत राहिली. मी पुन्हा म्हणालो.

टोपलीची कड बांधून झाल्यावर तिने मान वर केली. मतं मागायला आलेल्या बाहेरच्या माणसांशी पोडावर बोलतात, तशा मऊ आवाजात म्हणाली, "बसा जी. च्या पिऊन जा."