सरकलेली काळी घरं

संगणक दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळी गल्ली फुकट्या म्हणे. वास्तविक तो कुणाचा चहासुद्धा फुकट प्यायला नव्हता. पण गिऱ्हाईक आलं की त्याचं सुरू होई, "विकतची सिस्टिम कशाला? लिनक्स घ्या. जगभरच्या भल्या माणसांनी मिळून केलंय, एक छदाम लागत नाही." लोक मान डोलवत, मशीन घेऊन जात आणि आठवड्याभरात परत येत. कुणाचा प्रिंटर रुसलेला असे, कुणाच्या मुलीचा खेळ चालत नसे. एक वकील तर म्हणाले, "माझं काहीच अडलं नाही हो. पण उद्या अडलं तर विचारू कुणाला? शेजारी कुणाकडे हे नाही." फुकट मिळालेली वस्तू परत करायला माणसं पैसे मोजत होती, आणि फुकट्याचं दुकान त्यावरच चाललं होतं.

शेवटी त्याने घरापासून सुरुवात करायचं ठरवलं. घर म्हणजे मावशी. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं. एका साप्ताहिकासाठी ती शब्दकोडी रचायची, आणि तिचा संगणक हल्ली धापा टाकत होता. फुकट्याने त्यावर गुपचूप लिनक्स चढवलं. वरून मात्र विकतच्या सिस्टिमचा हुबेहूब मुखवटा: तेच चित्र, तीच बटणं, त्याच जागी. "साफ करून दिलाय," तो म्हणाला.

"चांगला पळतोय की!" मावशी म्हणाली. फुकट्या दिवसभर हवेत होता.

महिन्याभराने तो गेला, तर मावशी कोड्याच्या टेबलावर मटार सोलत बसलेली. संगणकावर कापड टाकलेलं.

"या आठवड्याचं कोडं झालं?"

"बंद केलं. आज संपादकांना फोन करून सांगणार आहे."

"का गं?"

"डोकं चालेनासं झालंय रे. मी कोडं पाठवते, तिकडून ते म्हणतात, बाई, काळी घरं सरकलीत, उभे शब्द आडव्यांत घुसलेत. मी उघडून बघते तर सगळं जिथल्या तिथे. दर वेळी तेच. मला बरोबर दिसतं आणि ते चूक असतं." तिने रिकामी शेंग पुन्हा उघडून पाहिली. "माझ्या आईचंही असंच सुरू झालं होतं. उद्या डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढायला बोलावलंय."

फुकट्याने संगणकावरचं कापड ओढून काढलं. फुकटच्या सिस्टिमवर आखलेली चौकट विकतच्या सिस्टिमवर उघडली की कधीकधी हलते, हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. गिऱ्हाइकांपाशी तो त्याला किरकोळ बाब म्हणत असे.

"मावशी, तुझं डोकं शाबूत आहे. मी संगणक आतून बदललाय. तुला कळू नये म्हणून वरून तसाच ठेवला."

मावशीने हातातली शेंग खाली ठेवली. "म्हणजे मी ठीक आहे?"

"ठणठणीत."

"मेल्या! गॅस बंद केला का ते बघायला चार-चारदा उठतेय मी!" ती ओरडली आणि मग इतकी हसली, की मटार जमिनीवर घरंगळले. डोळे पुसत तिने विचारलं, "चांगलं आहे का रे ते तुझं?"

"फार चांगलं आहे."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू नको म्हणाली असतीस."

"म्हटलंच असतं. मग तू समजावलं असतंस, मी कुरकुरत शिकले असते. तुला ती उस्तवार नको होती."

फुकट्या खाली वाकून मटार वेचू लागला. "ठेवू की काढू?"

"काढ. मला कोडी रचायचीत, पंथ बदलायचा नाही."

संध्याकाळपर्यंत जुनी सिस्टिम परत आली. संगणक पुन्हा धापा टाकू लागला. "टाकू दे," मावशी म्हणाली, "मीही टाकते." ती चौकट आखायला बसली. एक बटण शोधताना ती अडली, तसा फुकट्याचा हात माउसकडे गेला. मावशीने त्यावर चापट मारली. "नुसता बघत बस."

तो बसला. शेकडो मशिनी त्याने हाताळल्या होत्या, पण मशीनपुढे बसलेल्या माणसाकडे इतका वेळ कधी पाहिलं नव्हतं. मावशी एकेक घर काळं करायची, मागे सरून बघायची, मग पुढचं. घाई तिला नव्हतीच.

"संपादकांना फोन लाव," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "म्हणावं, या वेळचं कोडं जरा अवघड आहे."