घड्याळाच्या खाचेतला शेंदूर

नोकरीत मुद्देमाल म्हणून काय काय हातातून गेलं याची गणती नाही. दागिने, मोटारसायकली, कोयते, एकदा तर जिवंत बकरी. त्यातलं बरंचसं विसरलो. पण प्लास्टिकच्या डबीत कापसावर ठेवलेलं घड्याळाचं एक रिकामं स्टीलचं कवच अजून डोळ्यांपुढून हलत नाही. त्या कवचावर एका माणसाची अब्रू अडकली होती.

तेव्हा मी मावळात एका पोलीस ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. निवृत्तीला फार काळ उरला नव्हता. आमच्या हद्दीत किल्ले, कडे आणि धबधबे, त्यामुळे शनिवार-रविवारी पर्यटकांची झुंबड असायची. रोलकॉलला मी एकच सूचना न चुकता द्यायचो, दोर आणि बॅटऱ्या तपासून ठेवा. कोणीतरी फोटोसाठी कड्याच्या टोकावर जायचं, पाय घसरायचा आणि ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद व्हायची.

अशा वेळी खाली उतरून मयत वर आणायचं काम पोलीस एकट्याने करू शकत नाहीत. आमच्याकडे त्यासाठी एक माणूस होता. मळवली स्टेशनच्या रस्त्याला त्याचं गॅरेज होतं. इथल्याच जुन्या मुसलमान घरातला, पन्नाशीचा, अंगाने काटक. सगळे त्याला भाई म्हणत. त्याच्या टोइंगच्या गाडीला चांगली तार आणि कप्पी होती, आणि या डोंगराची वाट न वाट त्याला ठाऊक होती. फोन केला की हातातला पाना ठेवून यायचा. कोणी काही देऊ केलं तर म्हणायचा, "साहेब, गाडी ओढायचे पैसे घेतो मी. माणूस ओढायचे नाही."

त्याची एक रीत होती. मयताजवळ पोचला की आधी आपल्या रुमालाने तोंड झाकायचा, दोन्ही हात छातीवर घेऊन बांधायचा आणि मग अगदी घरच्या माणसाला उठवावं तसं म्हणायचा, "चला भाऊ, घरी जाऊ." मयत हिंदूचं असो, मुसलमानाचं असो, मुंबईचं असो की आणखी कुठलं, शब्द तेच.

भाजे गावाच्या वरच्या कड्यावरून मुंबईचा एक तरुण पडला, तेव्हाही भाईनेच त्याला वर आणलं. पंचनामा झाला, शवविच्छेदन झालं, अंगावरच्या वस्तू भावाच्या ताब्यात दिल्या. दुसऱ्या दिवशी भाऊ परत आला. त्याने मोबाइलवर एक फोटो दाखवला. पडण्याच्या थोडाच वेळ आधी कड्यावर काढलेला. तरुणाच्या मनगटावर घड्याळ स्पष्ट दिसत होतं.

"हे आमच्या वडिलांचं," भाऊ म्हणाला. "ते गेले तेव्हा यानेच मागून घेतलं. क्रोनोग्राफ आहे. वर-खाली दोन बटणं असतात, वेळ मोजायची. मला बाकी काही नको, साहेब. एवढं मिळवून द्या."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग त्याच्या नातेवाइकांनी काढला. घड्याळाचा फोटो आणि त्याच्या शेजारी दोर धरलेल्या भाईचा फोटो, खाली 'प्रेताच्या अंगावरचं चोरणारा', असा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर तालुकाभर फिरला. स्पष्टच लिहितो, भाईचं नाव वाचूनच बऱ्याच जणांनी निकाल देऊन टाकला होता.

मयताच्या मालमत्तेचा अपहार झाल्याची फिर्याद दाखल झाली. मयताला हात लावणारा पहिला माणूस भाई, म्हणून जबाबासाठी पहिलं बोलावणं त्यालाच गेलं. ते नियमाने करावंच लागतं.

"मनगट मोकळं होतं, साहेब," तो म्हणाला. "मी हात बांधले ना. घड्याळ असतं तर गाठीत आलं असतं."

"पडताना तुटलं असेल?"

"असेल. मी घड्याळ बघायला उतरत नाही."

एवढं सांगून त्याने जबाबावर सही केली आणि गॅरेजवर परत गेला. मी माणसं पाठवून कड्याखालची झुडपं तपासून घेतली. काही सापडलं नाही. तिकडे भाईच्या गॅरेजवर नेहमी येणारी गिऱ्हाइकं पुढच्या गॅरेजकडे वळू लागली. एके दिवशी कड्यावर एक माणूस अडकला. जिवंत होता, त्याला काढला. पण त्या दिवशी भाईला फोन करायला माझा ठाणे अंमलदार कचरला. म्हणाला, "लोक काय म्हणतील, सर?" भाईचं काय चाललंय याचा अंदाज मला त्या वाक्याने आला.

तपास थंडावला होता, तेव्हा लोणावळ्याचे एक गृहस्थ ठाण्यात आले. तळेगावच्या एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेले. खिशातून डबी काढून त्यांनी टेबलावर ठेवली.

"मी एक घड्याळ बनवतोय," ते म्हणाले. "जुन्या पद्धतीचा क्रोनोग्राफ. स्वतःच्या हाताने."

"बनवताय म्हणजे?"

"एकेक भाग जमवतोय. आतलं यंत्र परदेशातून कुरिअरने आलं. तबकडी पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाली. काटे एका मित्राने दिले. अडलं होतं कवचापाशी. पातळ कडांचं, गोल बटणांचं असं कवच आता कोणी करत नाही. म्हणून दुरुस्तीवाल्यांकडची बंद घड्याळं धुंडाळतो. बायको म्हणते, एवढ्या हिंडण्यात दहा तयार घड्याळं आली असती."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"हे कामशेतच्या बाजारात एका दुरुस्तीवाल्याकडे मिळालं. घरी आणून भिंगाखाली धरलं आणि तो व्हॉट्सअ‍ॅपचा फोटो आठवला. बघा, खालचं बटण गोल आहे, वरचं चपटं. मूळचं हरवल्यावर कोणीतरी दुसरंच बसवलंय. फोटोतही तसंच आहे."

फोटो मोठा करून पाहिला. तसंच होतं. त्यांनी भिंग माझ्या हाती दिलं. बटणाच्या बुडाशी आणि पट्टा बसतो त्या खाचांत नारिंगी-लाल, चिकट असं काहीतरी भरलं होतं.

"वंगण वाळलं असेल. साफ करणार होतो, पण म्हटलं आधी तुम्हाला दाखवावं," ते म्हणाले.

ते त्यांनी साफ केलं नाही याबद्दल मी त्यांचे आजही आभार मानतो. इतक्या खटपटीने मिळालेली वस्तू त्यांनी आपणहून आणून दिली होती. पंचांसमक्ष ते कवच सीलबंद केलं.

दुरुस्तीवाला आधी म्हणाला, आठवत नाही. चोरीचा माल घेतल्याचा गुन्हा लागेल ही भीती प्रत्येक दुकानदाराला असते. मी त्याला चहा दिला आणि सांगितलं, "विकणारा सापडला तर तुम्ही साक्षीदार. नाही सापडला तर तुमच्यावर येतं." तेव्हा त्याला आठवलं. भाज्यातला एक जण, शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्या लावून देतो तो. घड्याळ पाण्या-मातीने खराब झालेलं, काच फुटलेली, पट्टा नव्हता. यंत्र गंजलेलं म्हणून त्याने फेकून दिलं होतं.

त्या माणसाला आणलं. तिशीचा, बोलण्यात चुणचुणीत. बसल्या बसल्याच म्हणाला, "साहेब, मला त्या गॅरेजवाल्यानं दिलं. म्हणला, इकून टाक, निम्मं तुझं."

माझ्या सहायकाने माझ्याकडे पाहिलं. वरूनही विचारणा चालूच होती, अटक का होत नाही म्हणून. हा जबाब भाईला आत टाकायला पुरेसा होता.

पण इतक्या वर्षांत एक गोष्ट पाहिलेली होती. घाबरलेला माणूस नवं खोटं रचत नाही. गावात जे तयार असतं तेच उचलतो. भाईने चोरलं हे तर तालुक्यात सगळ्यांच्या तोंडी होतं. मी त्याला विचारलं, "कुठं दिलं?"

"गॅरेजवर."

"कशात गुंडाळून?"

"कशात न्हाई. खिशातनं काढून दिलं."

"हाताला काही लागलं? तेल, ग्रीस?"

"न्हाई. साफ व्हतं. पुसल्यालं."

मी त्याला बाहेर बसवलं आणि त्या कवचाचं सील पंचांसमोर फोडलं. पुसलेलं घड्याळ असं नसतं. त्या खाचेतलं मी नखाने अगदी थोडं खरवडलं, बोटांत चोळलं आणि नाकाशी नेलं. जुन्या तेलाचा खवट वास आला. माझे आईवडील शाळेत गेलेले नव्हते. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण हा वास मला कॉलेजने शिकवलेला नव्हता. आमच्या शेताच्या बांधावर म्हसोबा होता आणि दर अमावास्येला त्याला तेलात कालवलेला शेंदूर लावायचं काम घरात माझ्याकडे होतं.

गॅरेजमधल्या घड्याळाच्या खाचेत शेंदूर कुठून यायचा?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाज्याला त्या माणसाच्या घरी गेलो. वर्दी घातली नव्हती. त्याचे वडील गोठ्याबाहेर बसले होते. आयुष्यभर कड्याखाली गुरं चारलेला म्हातारा. पोराला ठाण्यात का नेलं हे त्यांना नीटसं कळलेलं नव्हतं.

"आबा, कड्याखाली म्हसोबा आहे का?" मी विचारलं.

"हाय की. का?"

"दाखवता?"

म्हातारा काठी घेऊन पुढे निघाला. कारवीच्या झुडपांतून वाट काढत, आमच्या माणसांनी तपासलेली जागा मागे टाकून, आम्ही कड्याच्या पायथ्याशी पोचलो. उंबराखाली शेंदूर फासलेला दगड होता. त्याच्याभोवती जे होतं ते पाहून बरोबरचा हवालदार जागीच थांबला. एक गॉगल, एकच बूट, एक टोपी, पाण्याच्या बाटलीचं झाकण, बाईची एक बांगडी. सगळ्यांवर शेंदराचे ओघळ.

"हे काय, आबा?"

"कड्यावरनं पडल्याली मान्सं. त्येंचं घावतं गुरांमागं हिंडताना," म्हातारा म्हणाला. "मेल्याली वस्तू आमी घरात न्हेत न्हाई. म्हसोबापाशी ठिवतो. ज्येचं त्येचं मानूस येतंय आन् घिऊन जातंय."

"येतं कोणी?"

"आजून तरी न्हाई आलं."

"घड्याळ ठेवलं होतं?"

"व्हय. दोन बटनांचं. कारवीत आडाकलं व्हतं, तुमची मान्सं यायच्या आदीच घावलं. मागल्या आमावशेला शेंदूर लावला तवा व्हतं. मंग दिसलं न्हाई. म्या म्हनलं, आलं आसंल कोनीतरी. लय बरं वाटलं मला."

ते शेवटचं वाक्य ऐकून मला त्यांच्याकडे बघवेना. पण विचारायचं ते विचारणं भाग होतं. गावातले दोन पंच बोलावून दगडावरच्या शेंदराचा नमुना घेतला आणि म्हाताऱ्याला बरोबर घेऊन ठाण्यात आलो. मुलाने काय जबाब दिलाय ते त्यांना वाटेत सांगितलं.

मुलाला समोर आणलं. मी एकच वाक्य बोललो, "आबांनी मला म्हसोबा दाखवला." त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. तो बापाकडे बघत होता.

"तू न्हेलंस?" म्हाताऱ्याने विचारलं.

मुलाने हळूच मान डोलावली.

"आन् त्या भाईचं नाव घेतलंस? दोर धरून खाली उतारतो त्येचं?"

"आबा, पोलिसांला भ्यालो न्हाई म्या. तुमाला कळंल म्हनून..." एवढंच बोलून तो रडायला लागला. म्हातारा उठला आणि काठी टेकत बाहेर निघून गेला. त्या दिवशी आणखी काही विचारावं लागलं नाही.

प्रयोगशाळेचा अहवाल आला. दोन्ही शेंदूर सारखे होते. दोषारोपपत्र गेलं. भाईचा यात काही संबंध नाही असं मी त्याच्या गॅरेजवर जाऊन, भोवती माणसं उभी असताना, मुद्दाम मोठ्याने सांगितलं. त्याने हात पुसले आणि म्हणाला, "बरं झालं, साहेब. चहा घेणार?"

न्यायालयाच्या आदेशाने ते कवच मयताच्या भावाला परत मिळालं. त्याने ते लोणावळ्याच्या त्या गृहस्थांच्याच हाती दिलं. त्यांनी आपल्या घड्याळासाठी जमवलेलं यंत्र, तबकडी, काटे, सगळं त्यात बसवलं. वरचं चपटं बटण तसंच ठेवलं. आपलं घड्याळ त्यांनी पुन्हा पहिल्यापासून जमवायला घेतलं. भावाने ते हातात बांधलं तेव्हा मी तिथे होतो. चालत होतं. तो भाईलाही भेटायला गेला आणि त्याच्या पाया पडला. भाईने त्याला उठवून जवळ घेतलं.

मला वाटलं, प्रकरण मिटलं.

पुढच्या हंगामात त्याच बाजूला पुन्हा एक जण पडला. या वेळी अंमलदाराने न कचरता भाईला फोन केला आणि भाई आला. दोर बांधला. मग माझ्या शिपायाकडे वळून म्हणाला, "तू माझ्याबरोबर खाली चल. मोबाइल चालू ठेव. मी वर येईपर्यंत बंद करायचा नाही."

"भाई, त्याची काही गरज नाही," मी म्हणालो.

"तुम्हाला नसेल, साहेब."

ते चित्रण मी नंतर ठाण्यात पाहिलं. मयताजवळ पोचल्यावर भाईने आधी आपले दोन्ही तळहात मोबाइलसमोर धरले, उलटे केले, बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या. मयताच्या मनगटावर घड्याळ होतं, ते बोट लावून दाखवलं. मग रुमालाने तोंड झाकलं, हात छातीवर बांधले. सगळं रीतीप्रमाणे.

चोरीचा माल आम्ही पंचनामा करून, सही घेऊन मालकाला परत देऊ शकतो. माणसाकडून बाकी जे काही नेलं जातं ते परत द्यायची पद्धत पोलीस खात्याकडे नाही. खात्यातली नवी मुलं भेटायला आली की त्यांना मी हेच सांगतो. संशयिताचं नाव घेताना आधी थांबा, कारण आरोप मागे घेता येतो, पण आरोप होण्याआधीचा माणूस परत आणता येत नाही.

ते चित्रण मी आवाज वाढवून दुसऱ्यांदा पाहिलं. वारा ऐकू येत होता, दोराची कप्पी ऐकू येत होती, शिपायाचा धापा टाकल्याचा आवाजसुद्धा होता. भाई मयताशी एक शब्दही बोलला नव्हता.