कोडसिगेची तंबळी

बसवनगुडीच्या बाजारातून आणलेली वाळकी कोडसिगेची फुलं तुपात परतली, की घरभर खरपूस, कडसर वास भरतो. कोडसिगे म्हणजे आपला पांढरा कुडा. तो ओळखायला मला काकूनं शिकवलं, बन्नेरघट्ट्याच्या रानात. "पाकळ्यांच्या मधे झालर दिसली तर तो काळा कुडा. तो स्वल्पही घ्यायचा नाही." तेव्हा आईला दिवस गेले होते. बाळंतिणीच्या पोटाला बरी म्हणून काकूनं ओटीभर फुलं खुडली, वाळवून ठेवली. तिला स्वतःला मूल नव्हतं.

भाऊ झाला तेव्हा तिनं ती फुलं ओल्या खोबऱ्याबरोबर वाटली, ताकात कालवून तंबळी केली आणि वाटी घेऊन बाळंतिणीच्या खोलीशी गेली. आतून आई म्हणाली, "अक्का, तुम्ही बाहेरच थांबा. बाळाला नजर लागायला नको. वाटी पोरीकडे द्या."

"सरी, बरं," म्हणून काकूनं काठोकाठ भरलेली वाटी माझ्या हातात दिली. मोठ्यांचं काम मिळालं म्हणून मी मिरवत आत गेले. दाराबाहेरून काकू विचारत होती, "फार कडू नाही ना झाली?" आईनं वाटी चाटूनपुसून संपवली.

आज आई माझ्याकडे जेवायला आहे. तंबळी चाखून म्हणाली, "अक्कांच्या हाताची सर नाही."

"मग तिला एकदा तरी आत का नाही येऊ दिलंस?"

"तशी रीतच होती," म्हणत आईनं वाटी पुढे केली. "अजून थोडी वाढ."