बर्फापासून दूर असताना

जालन्यात बर्फ दोन ठिकाणी दिसायचा. रसवंतीत तरटाखाली, आणि उन्हाळ्यातल्या लग्नात पाण्याच्या पिंपात. एवढ्या बर्फावर आमच्या जिल्ह्यात आइस स्केटिंगची संघटना निघाली. तिला अध्यक्ष होते, दोन उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, खजिनदार आणि सल्लागार मंडळ. खेळाडू चार मुली. त्यांतली एक माझी भाची.

संघटना ज्यांच्या डोक्यातून निघाली त्यांना सगळे सर म्हणायचे. ते एका शाळेत पीटी शिकवत. पीटी म्हणजे पावसाळ्यात मुलांना वर्गात गप्प बसवणं आणि एरवी मैदानावर सोडून स्वतः स्टाफरूममध्ये बसणं. नव्वदच्या दशकात एका मे महिन्यात ते हिमाचलात पाच दिवसांच्या प्रशिक्षक शिबिराला गेले. तिथला रिंक हिवाळ्यात थंडीनंच गोठतो, त्यामुळे मे महिन्यात बर्फ नव्हता. प्रमाणपत्र मात्र होतं. सर परतले ते पाठीवर ‘कोच’ लिहिलेला ट्रॅकसूट, गळ्यात शिट्टी आणि एका इंग्रजी पत्रकाची झेरॉक्स घेऊन.

मी तेव्हा वाचनालयात ग्रंथपाल होते. सर काउंटरवर आले. “मॅडम, एवढं जरा मराठीत करून द्या. मला समजतं सगळं, पण पोरींसाठी.”

पत्रक थंड देशांतल्या, बर्फावर गिरक्या घेत फिगर स्केटिंग करणाऱ्या मुलांसाठी होतं. रिंक दुरुस्तीसाठी बंद असला किंवा तुम्ही सुटीवर गेलात, तर ते दोन-चार आठवडे अंग कसं टिकवावं, एवढाच त्याचा विषय. दोरीच्या उड्या माराव्यात, भिंतीला पाठ लावून हवेत खुर्चीसारखं बसावं, एका पायावर उभं राहावं, उडी मारून गिरकी घेऊन एकाच पायावर उतरावं. पहिलंच वाक्य असं होतं की या व्यायामांनी बर्फावरचा सराव भरून निघत नाही. मी ते नीट मराठीत केलं आणि वर मथळा दिला, ‘बर्फापासून दूर असताना’. सरांनी प्रती काढून वाटल्या तेव्हा ते पहिलं वाक्य गळालेलं होतं.

“जागा पुरली न्हाई, मॅडम,” ते म्हणाले. “वर संघटनेचं बोधचिन्ह टाकावं लागलं.”

अशा रीतीनं परदेशातली दोन-चार आठवड्यांची तजवीज हा आमच्या जिल्ह्यातला पूर्ण वेळचा खेळ झाला. वर्ग एका मंगल कार्यालयात भरायचा, मुहूर्त नसेल त्या दिवशी. लग्नसराईत मुली आधी अक्षता झाडून काढत, मग उड्या मारत. हात कसे ठेवायचे ते त्या टीव्हीवरच्या परदेशी स्पर्धांची कॅसेट लावून शिकल्या. हात टीव्हीत दिसत होते. पायाखाली काय होतं ते टीव्हीतून शिकता येत नव्हतं, म्हणून तो भाग सरांनी पुढे ढकलला.

“बर्फ काय, आज न्हाई उद्या भेटेल,” सर म्हणायचे. “बॉडी बराबर पाहिजे.”

एकदा पालकमंत्री येणार म्हणून बर्फाच्या कारखान्यातून तीन लाद्या आणल्या. मुली अनवाणी त्यांवर उभ्या राहिल्या, हात पसरून. फोटो निघाला. मंत्री उशिरा आले तोवर लाद्यांचं पाणी झालं होतं आणि मुली त्या पाण्यात हात पसरून उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मथळा आला, ‘जालन्याच्या कन्यांचा बर्फावर कसून सराव’. सरांनी ते कात्रण लॅमिनेट करून घेतलं.

मला सरांचा राग कधी आला नाही. राग येण्यासाठी समोरच्याला थोडंफार मोजावं लागतं.

भाची केदारखेड्याहून अकरावीला माझ्याकडे आली होती. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, वडील शेतकरी. राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्या तिघांत आलं की खेळाडूंच्या राखीव जागांतून सरकारी नोकरी मिळू शकते, हे सरांनी तिच्या वडिलांना पहिल्याच भेटीत सांगून ठेवलं होतं. मेव्हण्यांनी ते ऐकून घेतलं, चहा संपवला आणि मला म्हणाले, “आक्का, घसरून घसरून फौजदार होते का पोरगी?”

“सर म्हणतात, होते.”

“मास्तर म्हणतो ते सोडा. माझं ऐका. बारावीपर्यंत कामाचा कागद आला तर पुढं शिकू द्या तिला जालन्यात. न्हाई आला तर मी घेऊन जातो. घरी काम कमी न्हाई.”

भाची दारात उभी होती. दुसऱ्या दिवसापासून ती पहाटे उठून गच्चीवर दोरीच्या उड्या मारायला लागली आणि दोन वर्षांत एकही दिवस तिनं चुकवला नाही. उडीतून एका पायावर उतरताना सुरुवातीला खालचे भाडेकरू ओरडायचे. नंतर नंतर त्यांना ऐकूच येईना. मांजर उतरावं तशी ती उतरायची. पत्रकातले व्यायाम चांगलेच होते, त्यात सरांचा काही दोष नव्हता.

ती बारावीला असताना राष्ट्रीय स्पर्धा ठरली. हिमाचलातला तोच रिंक, या वेळी हिवाळ्यात. बाकीच्या तिघींच्या घरून परवानगी मिळाली नाही. भाचीच्या घरून मिळाली ती मी सोबत जाणार या अटीवर. अध्यक्षांच्या परदेशातल्या मुलानं स्केटचे वापरलेले बूट पाठवले. जिल्ह्यात आलेली ती पहिली खरी जोडी.

ती जोडी पाहायला कार्यकारिणीची बैठक भरली. बुटाखालचं पातं बोटाएवढं जाड नव्हतं, पण सुरीसारखं पातळही नव्हतं. त्याच्या तळाला लांबच लांब खाच होती, दोन्ही बाजूंना दोन कडा, आणि पुढे करवतीसारखे दाते.

“पातं बोथट हाय,” सर अंगठा फिरवत म्हणाले. “आणि हे दात कशाला? अडकून पडेल ना पोरगी.”

मी वाचनालयातल्या ज्ञानकोशात ते चित्र पाहिलं होतं. ती खाच मुद्दाम असते, आतल्या किंवा बाहेरच्या कडेवर तोल घेऊन वळता यावं म्हणून, आणि दाते उडी मारताना बर्फात रोवायला लागतात, असं मी सांगितलं.

सर हसले. “मॅडम, पुस्तक ते पुस्तक. फिल्डवर उतरावं लागतं.”

सहसचिवांनी मान डोलावली. हे गृहस्थ बियाण्यांचं दुकान चालवत. मला त्या वेळी उभं राहून जोडी काढून घेता आली असती. मी घेतली नाही. सर स्वतःच्या हातानं काय करून ठेवतात ते पाहण्यात मला रस होता, हे आज सांगायला लाज वाटते.

घनसावंगीकडचे ऊसतोड कामगार ज्याच्याकडून कोयत्याला धार लावून घेत, त्या कारागिराकडे जोडी गेली. तो आपल्या कामात पक्का होता. त्यानं खाच घासून काढली, दोन्ही कडांची मिळून एक धार केली, दाते कापून टोक गोल केलं आणि वर तेल लावून दिलं. असा सुबक कोयता मी पाहिला नव्हता.

निघण्याच्या आदल्या दिवशी सत्कार झाला. चार भाषणं झाली. त्यांत भाचीचं नाव दोनदा आलं, दोन्ही वेळा चुकीचं. शेवटी सरांनी एक बूट उचलला, टेबलावर लिंबू ठेवलं आणि पात्यानं त्याचे दोन तुकडे केले. टाळ्यांनी मंडप दणाणला. उपाध्यक्ष मला म्हणाले, “काय धार आहे!” मी हो म्हटलं. लिंबासाठी ती खरोखरच उत्तम होती.

दोन दिवसांच्या रेल्वे प्रवासानंतर सर, भाची आणि मी पोचलो. तो रिंक म्हणजे डोंगराच्या कुशीतलं सपाट मैदान. रात्री त्यावर पाणी सोडतात, सकाळी ते गोठलेलं असतं आणि ऊन वर आलं की खेळ बंद. स्पर्धेच्या सकाळी भाचीनं बूट चढवले आणि जन्मात पहिल्यांदा रिंकवर पाऊल ठेवलं. पातं बर्फात रुतलं, पाय बाजूला कलला आणि ती बसली. उठली, पुन्हा बसली. तिसऱ्यांदा तर उभं राहायच्या आधीच पडली. दोन वर्षं एका पायावर न हलता उभी राहणारी मुलगी दोन पायांवर उभी राहू शकेना.

सर लाकडी कठड्याच्या बाहेर उभे राहून शिट्टी वाजवत होते. “बॅलन्स! बॅलन्स!”

भाड्यानं बूट देणारा एक म्हातारा तिथे खोक्यावर बसला होता. तो बर्फावरून चालत गेला, तिचा पाय हातात घेतला, पातं उलटं करून पाहिलं आणि त्यावरून नख फिरवलं. मग त्यानं विचारलं, “ये किसने किया?”

“कंपनी से ऐसाच आया,” सर कठड्यावरून म्हणाले.

म्हाताऱ्यानं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. “बेटी, इससे तो सब्जी काटो.”

तिच्या गटात तिघीच होत्या. बाकी दोघी तिथल्याच, लहानपणापासून बर्फावर वाढलेल्या. म्हणजे तिसरा क्रमांक ठरलेला होता. अट एकच. संगीत सुरू झाल्यापासून संपेपर्यंत बर्फ सोडायचा नाही, कठड्याला हात लावायचा नाही. सोडला तर बाद. बाद झाली तर कागद नाही, आणि कागद नाही तर केदारखेडा.

मी कठड्यापाशी जाऊन म्हणाले, “राहू दे गं. हात-पाय मोडशील. मी बोलते तुझ्या वडलांशी.”

“तू बोलशील, मावशे. ऐकतंय कोण?” ती बुटांचे बंद सोडत म्हणाली. “त्या बाबांकडं माझ्या मापाचे हायत का बघ जल्दी.”

मापाचे नव्हते. दोन नंबर मोठे होते. म्हाताऱ्यानं स्वतःच्या खोक्यातले लोकरी मोजे काढून टोकात कोंबले, बंद इतके आवळले की तिनं ओठ चावला, आणि एवढंच सांगितलं की गुडघे वाकव आणि घाई करू नकोस. तिच्याकडे वीस मिनिटं होती. त्या वीस मिनिटांत ती उभी राहायला शिकली, आणि पडल्यावर उठायला.

मग तिचं नाव पुकारलं आणि संगीत सुरू झालं. असलं दृश्य मी त्याआधी पाहिलं नव्हतं. कमरेच्या वर ती टीव्हीतल्या बायकांसारखी होती. हात, मान, बोटं, सगळं तालावर, कुठे चूक नाही. कमरेच्या खाली ती चिखलातून चालणाऱ्या माणसासारखी होती. जिथे गिरकी होती तिथे तिनं फक्त हात फिरवले. ती पडली, हात पसरलेलेच ठेवून उठली, परत पडली. प्रेक्षकांत काही जण हसले. एकदा कठडा हातभर अंतरावर होता आणि तिचा हात तिकडे गेला. तिनं तो हात मागे घेऊन डोक्यावर नेला, कारण तालावर तेव्हा हात डोक्यावरच हवा होता, आणि मग पडली. दोन मिनिटं संपली तेव्हा ती बर्फाच्या मधोमध गुडघ्यावर होती, पण बर्फावर होती. तिघींत तिसरी. कागदावर राष्ट्रीय स्पर्धेतला तृतीय क्रमांक.

बाहेर आल्यावर तिनं बूट म्हाताऱ्याला परत दिले. मग सरांना म्हणाली, “सर, तुम्ही पण या की एकदा. ऊन यायचंय अजून.”

सरांनी गुडघ्याला हात लावला. “मला थंडीचा त्रास हाय. आणि कोचनं बाहेरूनच बघायचं असतं.”

परतीच्या गाडीत मी तिला म्हणाले की आपण आपसांत तरी हसलं पाहिजे. तिसरी, तीही तिघींत. ती घोट्याला तेल चोळत होती.

“तू हस. तुला नोकरी हाय,” ती म्हणाली.

जालन्यात पुन्हा मंडप पडला. मेव्हणे केदारखेड्याहून आले आणि माझ्या शेजारी पहिल्या रांगेत बसले. भाची व्यासपीठावर, प्रमाणपत्र मांडीवर. सर बोलायला उठले. बर्फाशिवाय बर्फाची तयारी ही त्यांची स्वतःची पद्धत आहे, हिमाचलवाले तोंडात बोट घालून पाहत राहिले, आणि स्पर्धेच्या सकाळी पोरगी घाबरली तेव्हा ते स्वतः बर्फावर उतरले आणि तिला हाताला धरून दोन फेऱ्या मारून आणलं, असं त्यांनी सांगितलं. “मॅडम होत्या की सोबत. विचारा त्यांना.”

सगळा मंडप माझ्याकडे वळला. मेव्हणे कानाशी आले.

“आक्का, तुम्ही लबाड बोलत न्हाई. मास्तर खरंच उतरल्ता का बर्फावर? का हे सगळं असंच करून राह्यले? असंच असंल तर सांगा. खोट्या कागदावर मला पोरीला उभं न्हाई करायचं. आजच घेऊन जातो.”

कागद खोटा नव्हता. पण कागद खरा आणि मास्तर खोटा, हे समजावायला मला बराच वेळ लागला असता, आणि मेव्हणे अर्ध्यातच उठले असते. व्यासपीठावरून भाची माझ्याकडे पाहत होती. मांडीवरच्या कागदाच्या कडा तिनं दोन्ही हातांनी धरल्या होत्या.

“उतरले होते,” मी म्हणाले. “चांगले चालले.”

“चालला का?”

“दोन फेऱ्या.”

मेव्हण्यांनी थोडा वेळ माझ्या तोंडाकडे पाहिलं. “मंग ऱ्हाऊ द्या तिला तुमच्याकडं,” म्हणाले, आणि टाळ्या वाजवायला लागले. सर तेव्हा सतरंजीवर हात पसरून, आपण कसे वळलो ते लोकांना दाखवत होते.