पाहूची टोपली

हो किंवा नाही यांपैकी एकही शब्द न उच्चारता माणूस किती वर्षं धंदा चालवू शकतो, हे कुणाला पाहायचं असेल तर त्याने आमच्या भासऱ्यांना पाहावं. भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. सौंदडला घरामागे त्यांचा बिड्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे कौलांचं एक लांब छप्पर, त्याखाली मांडीवर सूप घेऊन बिड्या वळणाऱ्या चाळीस बाया, आणि आमच्या स्वयंपाकघराच्या दाराबाहेर टांगलेला एक मोठा काटा. त्यावर भासरे रोज सकाळी प्रत्येकीला तंबाखू आणि तेंदूची पानं जोखून द्यायचे. जोखण्यात त्यांचा हात कधी चुकला नाही. पण जोखून झालं की त्या काट्याखालीच उभे राहून ते दिवसभर डुलत असत, आज या पारड्याकडे, उद्या त्या.

आता माझी अडचण सांगते. धाकट्या भावाच्या बायकोने भासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि त्यांच्याशी थेट बोलायचं नाही, ही आमच्या घरची रीत. त्यांनीही तिच्याशी बोलायचं नाही. काही सांगायचं असेल तर जाऊबाईंच्या मार्फत. पण जाऊबाई विहिरीवर असत, बांधीत म्हणजे भातखाचरात असत, शेजारी असत. माझा नवरा मास्तर, तो सकाळीच सायकलवर शाळेला जाई. आणि पानं काही जाऊबाईंची वाट पाहत नाहीत. कोरडी राहिली तर वळता येत नाहीत, भिजवली आणि बाया आल्या नाहीत तर दोन दिवसांत कुजतात. मग भासरे दाराबाहेर येऊन काट्याला विचारायचे, "काट्या, उद्यासाठी पानं भिजवाव का नाही भिजवाव?" मी आतून हातातल्या सुपाला सांगायची, "सुपा, धानाची रोवणी लागली. निम्म्या बाया बांधीत जातील. निम्मीच भिजवा म्हणा." बाहेरून "हं" ऐकू यायचं. त्या काट्याच्या आणि सुपाच्या बोलण्यावर तो कारखाना दहा वर्षं चालला. संताप येई तो संध्याकाळी. जेवताना ते जाऊबाईंना कौतुकाने सांगत, "आज काटा बराबर बोलला." डोकं माझं आणि शाबासकी काट्याला!

हे त्यांचं आताचं नव्हतं. जाऊबाई सांगत, "अवो, आंतरपाटाच्या मागंही हे इचारच करून राहिले होते. आंतरपाट निघाला तरी हातातली माळ हातातच. मामानं मागून ढकललं म्हणून मी या घरात आली." तंबाखूसाठी त्यांना महिन्यातून एकदा गोंदियाला जावं लागे. स्टेशन घरापासून हाकेच्या अंतरावर. पण गाडी दिसली की त्यांना वाटे, उद्या गेलं तर भाव उतरेल. गाडी सुटली की वाटे, आजच जायला हवं होतं. शेवटी स्टेशनमास्तर तिकीट फाडण्याआधी खिडकीतून विचारू लागले, "पक्कं जाऊन राहिले ना शेठ?" यावर भासरे त्यांनाच विचारत, "तुम्हाले का वाटते?"

सल्ला विचारायला त्यांना कुणीही चाले. सोनार, गाडीवान, गावात आलेला बैलांचा दलाल. यांतल्या प्रत्येकाचं त्यांना मनापासून पटे आणि शेवटी जो बोलून गेला असेल त्याचं सगळ्यांत जास्त पटे. गावाने हे ओळखलं होतं. ज्याला आपलं म्हणणं खरं करायचं असे तो दुसऱ्यांचं बोलून होईपर्यंत पिंपळाखाली दम काढत बसे.

छापाची गोष्ट तर अजून आठवली तरी मला भांडी आपटावीशी वाटतात. प्रत्येक बिडीवाल्याचा एक छाप असतो. कट्ट्यावर, म्हणजे बिड्यांच्या जुडीवर, चिकटवायचा कागद, त्यावर वाघ नाहीतर घोडा नाहीतर एखादी देवी. मी सून होऊन आले त्याच्या दुसऱ्या वर्षी स्वातंत्र्य मिळालं, आणि भासऱ्यांनी ठरवलं की आता आपलाही छाप हवा. हे ठरवलं तेवढंच. कुणी मोर म्हणालं, कुणी सांबर, कुणी चरखा. बिरसीच्या धावपट्टीवर विमान उतरताना पाहून आलेल्या गाडीवानाने विमान सुचवलं. मी सुपामार्फत सांबर कळवलं, कारण आमच्या बाजूला सांबर सगळ्यांना ओळखू येतं आणि दुसऱ्या कुणाचा सांबर छाप नव्हता. चार महिने गेले. छापखानेवाल्याने शेवटी निरोप पाठवला की चित्र द्या, नाहीतर खोळंबलेलं काम मी उरकून टाकतो. भासऱ्यांनी कळवलं, "पाहू." त्याने उरकून टाकलं. गाठोडं सोडलं तर आत हजारो कागद, सुरेख लाल किनार, वर "उत्तम बिडी", खाली "सौंदड", आणि मधे जिथे चित्र यायचं तिथे रिकामा गोल. मी कपाळावर हात मारला. भासरे कागद उन्हात धरून म्हणाले, "काट्या, साफसुथरा दिसते, नाही?" पुढे बाजारात लोक "कोरी बिडी दे" म्हणून मागू लागले.

पण खरा छळ संध्याकाळचा. बाया दिवसभराच्या बिड्या घेऊन रांगेत बसत. मालकाने प्रत्येक कट्टा दाबून पाहायचा, सैल, फाटकी, वाकडी बिडी मोडून टाकायची. याला छाट म्हणतात. सगळ्या कारखान्यांत दोन टोपल्या असतात, चांगल्याची आणि छाटीची. आमच्याकडे तीन होत्या. तिसरी "पाहू"ची. चांगली म्हणवत नाही आणि मोडवत नाही अशी बिडी भासरे त्या टोपलीत ठेवत. पाच-सहा महिन्यांत छाटीची टोपली जाळं धरून बसली, आणि पाहूची रोज ओसंडू लागली. त्या बिड्यांची मजुरी मिळे चांगल्या बिडीची, आणि त्या फुकट ओढत स्टेशनवरचे हमाल. सगळ्यांत जास्त भर घाले ती भागरथा. चाळीस वर्षं बिड्या वळलेली म्हातारी, पण डोळे अधू झालेले, त्यामुळे तिची बिडी एका टोकाला जाड आणि दुसऱ्याला बारीक, अगदी गाजरासारखी. ती रोज भांडे, "काऊन रे मालक, माही बिडी पाहूत काऊन टाकली?"

"पाहू ना बाई, पाहू."

"का पाहतेस? मले दिसत नाही, तुले तं दिसते!"

रांग हसे, भासरेही हसत, आणि भागरथाच्या उरलेल्या बिड्या गुपचूप चांगल्याच्या टोपलीत जात.

असं किती दिवस चालणार? तीन वर्षांपूर्वी चैत्रात गोंदियाच्या एका मोठ्या बिडी कंपनीचा मुनीम आला. माणूस सरळ होता. कारखाना आम्हाला द्या, तुम्ही ठेकेदार म्हणून राहा, पानं-तंबाखू आम्ही पुरवू. अटी दोन. संध्याकाळी छाट आमचा माणूस करेल, आणि तुमचा छाप बंद. उत्तर अक्षय तृतीयेच्या आत. भासऱ्यांनी त्यालाच विचारलं, "मुनीमजी, तुम्ही माह्या जागी असते तं का केलं असतं?" मुनीम म्हणाला, "सेठ, आपकी जगह मैं होता तो मुझसे न पूछता."

प्रश्न खरोखर अवघड होता, हे मी मान्य करते. नाही म्हटलं तर कंपनी रस्त्यापलीकडे स्वतःचं छप्पर टाकणार होती, आणि भोवतालच्या जंगलातली पानं तिने आधीच घेतली होती. पानांवाचून चाळीसच्या चाळीस बाया वर्षभरात घरी बसल्या असत्या. हो म्हटलं तर चौतीस टिकत होत्या. पण कंपनीच्या माणसापुढे भागरथाची गाजरं दोन दिवसही टिकली नसती, आणि तिच्यासारख्या आणखी पाच होत्या.

मी माझ्या पद्धतीने काम उरकलं. चांगला कागद घेतला, मधे रेघ मारली. डाव्या बाजूला देण्याची कारणं, नऊ निघाली. उजव्या बाजूला न देण्याची, दोन. खाली शेरा लिहिला : "तोटा – पाच-सहा म्हाताऱ्या सुटतील." जाऊबाईंच्या हाती यादी पोचवली आणि मला वाटलं, संपलं. कशाचं संपतं! भासऱ्यांनी ती यादी खिशात घातली आणि भेटेल त्याला दाखवत सुटले. सकाळी कारखाना दिलेला असे, दुपारी परत घेतलेला असे, दिवेलागणीला निम्मा दिलेला असे. कागद घड्यांवर फाटला तेव्हा मी नवी प्रत काढून दिली. तीही फाटली.

मुदतीच्या दिवशी मुनीम सकाळीच कागदपत्रं घेऊन ओसरीतल्या बाजेवर येऊन बसला. जाऊबाई लग्नाला गेल्या होत्या, माझा नवरा शाळेत. मी चहा पाठवला आणि दाराआड तांदूळ पाखडत बसले. थोड्या वेळाने भासरे काट्याखाली येऊन उभे राहिले. दांडी बोटाने सारखी केली. मग म्हणाले, "काट्या, का करू?"

माझा धीर सुटला. "सुपा," मी म्हटलं, "यादी त्यांच्या खिशात आहे. नऊ आणि दोन. यात आणखी काय पाहायचं राहिलं, विचार."

कागद उलगडल्याचा आवाज झाला. आणि मग ते बोलले, पण काट्याशी नाही.

"बाई, तुमच्या यादीत भागरथाचं नाव नाही."

माझा हात सुपातच थांबला. अकरा वर्षांत त्या माणसाने मला उद्देशून काढलेला तो पहिला शब्द. मी पदर पुढे ओढला.

"नुसत्या म्हाताऱ्या लिहून आहेत," ते म्हणाले. "पाच-सहा. पाच का सहा तेही नाही. त्याहिले नावं आहेत ना."

उत्तर द्यायचं तर सुपाला काय सांगणार? आणि त्यांना काय म्हणून हाक मारायची हे तर कधी ठरलेलंच नव्हतं. मी पेन्सिल उंबऱ्यावरून बाहेर सरकवली आणि म्हटलं, "तुम्हीच लिहा."

त्यांनी लिहिलं. भागरथा, सोनाबाई, तुळसा, आणखी तीन. एकदाही न थांबता. मग पेन्सिल जागच्या जागी ठेवून ओसरीवर गेले. मी पाखडायचं सोडून दाराच्या फटीला डोळा लावला.

"कारखाना घ्या," भासरे म्हणाले. "छाट तुमची. पन ह्या सहा माह्या. त्या माह्या गोठ्यात बसतीन आन माह्या छापाच्या बिड्या वळतीन. तेवढी पानं आमच्या बांधावर निघतेत."

"सेठ, ये कैसे होगा? शर्त है, आपका छापा बंद."

भासऱ्यांनी खिशातून छापाचा एक कागद काढून त्याच्यापुढे धरला. "कोनता छाप बंद करता? दाखवा ना. वाघ आहे? मोर आहे?"

मुनिमाने कागद उलटापालटा केला. "इसमें तो कुछ है ही नहीं."

"मंग बंद का करता?"

मुनिमाने कागद खाली ठेवला. मग हसू लागला, इतका की बाज करकरली. "लिख देता हूँ," तो डोळे पुसत म्हणाला. "छह अम्माओं की कोरी बीड़ी से कंपनी नहीं डूबेगी." त्याने खाली एक ओळ वाढवली आणि भासऱ्यांनी सही केली. कुणालाही न विचारता.

लग्नाहून परतल्यावर जाऊबाईंनी ते ऐकलं आणि मला म्हणाल्या, "खरं सांग, यायले ढकललं कोनं?"

मला आनंद झाला नाही असं नाही. पण राग त्याहून जास्त आला. हे जर येत होतं, तर महिनाभर दोन याद्यांचा चोथा कशासाठी केला? उद्यापासून तरी माणूस नीट वागेल, या आशेने मी झोपले. सकाळी काट्याखालून आवाज आला, "काट्या, गोठ्यात म्हाताऱ्यांसाठी बारदानाचे बोरे टाकाव का पाट ठेवाव?" मी सूप भिंतीवर आपटलं. "पाट!" मी म्हटलं.

त्या सहांतल्या आता दोघीच येतात. भागरथाला तर आता बिडी चाचपूनच वळावी लागते, पण भांडते पूर्वीसारखीच. छापाचे कागद मात्र अजून दोन पेट्या शिल्लक आहेत. भासऱ्यांचा मुलगा गोंदियाला रेल्वेत लागला. नातू झाला म्हणून दिवाळीपासून जाऊबाई तिकडेच आहेत, आणि त्यांची आठवड्याला पत्रं येतात, की ठेका दुसऱ्याला द्या आणि या, पोरगा वाट पाहून राहिला. भासऱ्यांची ट्रंक ओसरीत भरून ठेवलेली आहे. स्वच्छ धोतर लागलं की ते तिच्यातून काढतात आणि धुऊन वाळलं की परत ठेवतात.

मी यादी केली आहे. जाण्याची कारणं अकरा. वय, औषधपाणी, बायको, नातू, सगळी रास्त. राहण्याच्या बाजूला अजून काही लिहिलेलं नाही. ती यादी मी डब्याखाली ठेवली आहे. अजून त्यांच्याकडे पोचवलेली नाही.

रोज सकाळी पानं भिजवून झाली की ते दाराबाहेर येतात. आता मधे बोलायला जाऊबाई नाहीत, तरी ते माझ्याशी बोलत नाहीत. त्या एका दिवसानंतर पुन्हा कधीच बोलले नाहीत. काट्याची दांडी बोटाने सारखी करतात आणि विचारतात, "काट्या, पोराकडे जाव का राहाव?"

माझ्याकडे उत्तर तयार असतं. मी हातातलं सूप थोडं हलवते, कणी खाली बसू देते, आणि म्हणते, "सुपा, पाहू म्हणा."