नंबर काय, सन काय, कोर्ट कोणतं?

फौजदारी कोर्टाच्या रेकॉर्ड रूमची हवा मानवलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो आरोपी नव्हता, वकील नव्हता, पोलीसही नव्हता. तो माझ्या आत्याचा नवरा होता. लोक निवृत्तीनंतर देवदेव करतात, नातवंडं खेळवतात, बागेत चकरा मारतात. आमचे आतोबा रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झाले आणि पुढच्याच सोमवारी डबा घेऊन बडोद्याच्या कोर्टात गेले. त्यानंतर पंधरा वर्षं दर सोमवारी आणि गुरुवारी ते जातच राहिले. डब्यात चार थेपले आणि लसणाची चटणी. पिशवीत भिंग, कोर्ट फीचे स्टँप, बामची बाटली आणि दोन मोठे रुमाल. रुमाल दोन, कारण जुन्या फायलींची धूळ आणि आतोबांचं नाक यांचं हाडवैर होतं. गठ्ठा जितका जुना तितक्या शिंका जास्त. रेकॉर्ड कीपरना सगळं कोर्ट मोटाभाई म्हणे. ते बाहेर टेबलापाशी बसून शिंका मोजत आणि काका आज किती साल मागे गेलेत ते अचूक सांगत.

हा नाद त्यांना लागला कसा, याचं उत्तर पार्सल ऑफिसात होतं. तिथे तीस वर्षं त्यांनी हरवलेली पार्सलं शोधली, आणि त्यातून त्यांचं असं ठाम मत झालं की जगात काही हरवत नाही, ते फक्त दुसरीकडे ठेवलेलं असतं. माणसाची अब्रूसुद्धा त्यात आली. कोर्टाचे दरवाजे सगळ्यांना उघडे आहेत, अर्ज करून कुणीही फाईल पाहू शकतो, नक्कल मागू शकतो, हे त्यांना कळलं आणि एवढी मोठी सोय असताना लोक घरी बसून कॅरम का खेळतात हे कोडं त्यांना कधीच सुटलं नाही. अर्जात 'कारण' असा एक रकाना असे. तिथे ते दर वेळी एकच वाक्य लिहीत : 'जाणून घ्यावयाचे आहे.' एकदा एका नव्या न्यायाधीशांनी त्यांना मुद्दाम बोलावून विचारलं, की या खटल्याशी तुमचा संबंध काय, तुम्ही कोण? आतोबा ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, हूं पब्लिक छूं." साहेब हसले आणि त्यांनी अर्जावर सही केली. आतोबांनी हा प्रसंग मला निदान चाळीस वेळा सांगितला असेल, आणि प्रत्येक वेळी ते उभे राहूनच सांगत.

समा भागातल्या त्यांच्या सोसायटीत निंदानालस्ती करणं त्यांच्यामुळे फार अवघड होऊन बसलं होतं. कुणी म्हणावं, अमका जेलमध्ये जाऊन आलाय, की आतोबा वर्तमानपत्र खाली ठेवून विचारत, "नंबर काय, सन काय, कोर्ट कोणतं? खबर नाय तर बोलायचं नाय!" सोसायटीच्या दूधवाल्यानं म्हणे कुणाचा तरी खून केला होता. समोरच्या बाईंना तशी पक्की बातमी होती, आणि त्या अर्ध्या लिटरसाठी पातेलं दाराच्या फटीतून बाहेर सरकवत. आतोबांनी पंधरा दिवसांत त्याची फाईल शोधून काढली. गुन्हा एवढाच, की विनादिव्याची सायकल चालवली. नकलेचं वाचन सोसायटीच्या फाटकाशी झालं, दूधवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "पाणी तर दुधातपण असतं," बाई पुटपुटल्या. त्यावर आतोबा गंभीरपणे म्हणाले, "तो गुन्हा जुदा. त्याची फाईल नाय अजून."

त्यांचे आजोबा संस्थानच्या फौजेत होते. त्यांची तलवार दिवाणखान्यात लटकलेली असे, आणि तलवारीच्या मुठीला आतोबांची छत्री. कोर्टाला निघताना हात तलवारीकडे जाई आणि छत्री घेऊन परते. आत्या या सगळ्याला सरावली होती, पण लग्नानंतरच्या पहिल्या फिरण्याची गोष्ट ती अजूनही रागानं सांगते. नवी नऊवारी, केसांत गजरा. तिला वाटलं सयाजीबागेत नेतील. यांनी तिला नेऊन बसवलं एका खिसेकापूच्या खटल्याला. "शेंगदाणे मात्र घेऊन दिले," असंही ती प्रामाणिकपणे सांगते.

मी या माणसाची चेष्टा करणाऱ्यांत पहिला होतो. माझं लग्न ठरेपर्यंत.

मुलगी बडोद्याजवळच्या पादरा गावची, त्यांच्या घरचं बियाण्यांचं दुकान. मी नुकताच एका केमिकल कंपनीत कायम झालो होतो, पत्रिका जुळली होती, साखरपुड्याचा हॉल घेतला होता. आणि एके दिवशी पादऱ्याहून फोन आला : "जरा थांबून जाऊ या." मुलीच्या मामांच्या कानावर आलं होतं, की मुलाचे वडील कंपनीतल्या पितळेच्या चोरीत अडीच महिने जेलमध्ये होते. बाबा फोनपाशीच उभे होते. ते तसेच गच्चीवर गेले आणि जेवायलाही खाली आले नाहीत. मग आईनं सांगितलं ते असं : मी पाच वर्षांचा असताना, बाबा स्टोअरकीपर असलेल्या कारखान्यातून पितळेचे व्हॉल्व्ह गेले. पोलिसांनी बाबांना नेलं, दुसऱ्या दिवशी सोडलं. केस चालली. तारखेच्या दिवशी बाबा भरूचला काम आहे सांगून डबा घेऊन निघत. पुढे एकदा 'मिटलं सगळं' म्हणाले, पण कधी मिटलं, कसं मिटलं, ते नाही. घरात पुन्हा त्या गोष्टीचं नाव निघालं नाही. मला मुलगी जाण्याचं दुःख होतंच, पण माझ्यामुळे बाबांची मान खाली गेली होती याचं जास्त होतं.

आतोबा तासाभरात छत्रीसकट हजर झाले आणि थेट गच्चीवर गेले. "नंबर काय, सन काय, कोर्ट कोणतं?"

"मला खबर नाही, भाऊजी," बाबा म्हणाले. "जुनं कशाला उकरायचं?"

आतोबा खाली येऊन मला म्हणाले, "सोमवारी रजा टाक. माझं भिंग आता पुरत नाय."

रेकॉर्ड रूममध्ये मला पहिला धडा मिळाला. मी बाबांना पकडलं त्या सालाचे गठ्ठे काढायला निघालो, तर आतोबांनी माझा हात धरला. "सगळे हीच भूल करतात. फाईल केस मांडल्याच्या तारखेला नाय ठेवत, निकालाच्या तारखेला ठेवतात. निकाल कधी लागला ते सांग." तेच तर कुणाला ठाऊक नव्हतं. रजिस्टरात सापडलं असतं, पण नेमकं ते रजिस्टर बांधणीला गेलं होतं. मोटाभाई हळहळून म्हणाले, "काका, दररोज एकज पोटलुं खोलवा दईश." दिवसाला एक गठ्ठा, म्हणजे माझ्या निवृत्तीपर्यंत लग्न होण्याची शक्यता होती. शिवाय जुन्या खटल्यांचे कागद ठरावीक वर्षांनी नष्ट करतात. निकालपत्र राखतात, पण ते या केसचं राखलंय की नाही, हे गठ्ठा सोडल्याशिवाय कळणार नव्हतं. त्या दिवशी आतोबा पहिल्यांदाच न शिंकता घरी आले.

संध्याकाळी ते आईसमोर बसले. "वहिनी, केसचं सोडा. हा माणूस कधी विनाकारण खूश दिसला होता का?" आई आधी हसली, बाबा आणि विनाकारण खूश! मग थांबली. "एकदा मांडवीच्या बाजारातून लीलो चिवडा आणला होता, दोन किलो. आम्ही चार माणसं. मी विचारलं, कशाचा? तर म्हणाले, असाच." लीलो चिवडा म्हणजे बडोद्याचा तो हिरवट, ओलसर, लिंबू-साखरेचा चिवडा; तो दोन दिवसांत संपवावा लागतो. कधीची गोष्ट, ते तिला आठवेना. आठवलं मला. कारण त्याच संध्याकाळी बाबांनी मला पतंगांची अख्खी कोडी आणली होती. मी पाच मागितले होते, आले वीस! उत्तरायणाचा, म्हणजे संक्रांतीचा, आदला दिवस होता, आणि मी तिसरीत होतो.

आतोबा खुर्चीतून उठले. जुनं पंचांग काढून त्यांनी आधी त्या दिवशी रविवार नव्हता याची खात्री केली. "तेरा जानेवारी," ते म्हणाले.

गुरुवारी मोटाभाईंनी स्वतः शिडी लावली. लाल फडक्यातला गठ्ठा सुटला, आतोबांनी सलग अकरा शिंका दिल्या, आणि सातवी फाईल बाबांची निघाली. निकालपत्र शाबूत होतं. त्यात लिहिलं होतं, की व्हॉल्व्ह कमी असल्याची खबर आरोपीनं स्वतःच कारखान्याला दिली होती. शेवटची ओळ मी मोठ्यानं वाचली : 'आरोपीने निर्दोष ठरावी छोडी मूकवामां आवे छे.' म्हणजे आरोपीला निर्दोष ठरवून सोडण्यात येत आहे. आतोबा दुसरा रुमाल काढून डोळे पुसत होते. धूळ फार आहे, म्हणाले.

शिक्क्याची नक्कल मिळाल्यावर मी ती पोस्टानं पाठवू म्हणालो, तर त्यांनी मला वेड्यात काढलं. नको नको म्हणणाऱ्या बाबांना घेऊन आम्ही पादऱ्याला गेलो. सगळं घर बैठकीत जमलं, मामा भिंतीला टेकून उभे. आतोबा उभे राहिले, चष्मा चढवला आणि नक्कल अर्जाचा नंबर, अर्जाची तारीख, नक्कल तयार झाल्याची तारीख, इथपासून एकही अक्षर न गाळता वाचू लागले. मुलीच्या आजींना वाटलं पोथी चाललीय. त्यांनी डोक्यावर पदर घेऊन हात जोडले आणि शेवटपर्यंत सोडले नाहीत. 'निर्दोष' शब्द आला तसे कोपऱ्यात मान खाली घालून बसलेले बाबा एकदम म्हणाले, "भाऊजी, ते परत एकदा वाचा ने."

आतोबांनी परत वाचलं. या खेपेला सावकाश. बाबांनी तो शब्द अठरा वर्षांपूर्वी रिकाम्यासारख्या कोर्टात एकट्यानं ऐकला होता. चार माणसांत तो पहिल्यांदाच उच्चारला गेला. मामा पुढे आले आणि बाबांच्या पाया पडले, आणि आतून कुणी तरी चहाऐवजी थेट पेढेच आणले. आजी मात्र आरती कधी आहे ते विचारत होत्या.

आता माझी मुलगी खटल्याची माहिती मोबाइलवर बोटानं काढून दाखवते. धूळ नाही, शिंक नाही. आतोबांना जाऊन चार वर्षं झाली. तलवारीला त्यांची छत्री अजून तशीच लटकते. आत्या ती काढू देत नाही. आणि बाबा दर वर्षी उत्तरायणाच्या आदल्या दिवशी मांडवीत जाऊन दोन किलो लीलो चिवडा आणतात, एक किलो घरी, एक आत्याकडे. यंदा मी बरोबर होतो. आत्याच्या सोसायटीत नव्यानं राहायला आलेल्या एका गृहस्थांनी सहज विचारलं, "काका, एवढा चिवडा? कशाचा?"

बाबा फाटकात थांबले. ऐंशीला आलेला माणूस ताठ उभा राहिला आणि खणखणीत आवाजात त्यानं नंबर सांगितला, सन सांगितलं, कोर्ट सांगितलं. मग पुडा सोडून त्या गृहस्थांच्या हातावर चिवडा ठेवला. ते गोंधळून हसले. मी वर आत्याच्या गॅलरीकडे पाहिलं. वर्तमानपत्र खाली ठेवून हे ऐकायला आतोबा हवे होते.